एक काडतूस कमी

आमच्या घरात शस्त्र म्हणावं असं काही असेल, तर ती आमच्या सौ.ची विळी. पुण्याहून येताना ती तिनं जुन्या साडीत गुंडाळून आणली आणि गेली अठरा वर्षं ती आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात सुखानं नांदते आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं; शेजारी आमचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि एक स्क्रू-ड्रायव्हर बसतो. खंडेनवमी झाली. एवढं आमचं शस्त्रांशी नातं!

अशा घरातला मुलगा गेल्या वर्षी बंदूक हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याच्यामुळे आम्हाला आमच्या आजोबांची एक वही उघडावी लागली. त्या वहीची ही गोष्ट. ती सांगताना आमची फारशी शोभा होणार नाही, पण सांगायची असं ठरवलं आहे.

आमच्या मंडळातल्या बहुतेक वाचकांना एन.एस. म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. ज्यांची मुलं अजून बालवाडीत आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सिंगापूरनं १९६७ साली सक्तीची नॅशनल सर्व्हिस सुरू केली. स्वातंत्र्य मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली, स्वतःचं सैन्य जवळपास नाहीच. त्याच वर्षी गोळ्या बनवायचा सरकारी कारखानाही काढला. नागरिकांच्या मुलांबरोबरच, आईवडिलांच्या नावावर पी.आर. मिळालेल्या मुलांनाही दोन वर्षं पूर्ण वेळ नोकरी करावी लागते. आमच्यासारखा जो स्वतःच्या नोकरीवर पी.आर. झाला त्याला सूट, पोराला नाही.

पी.आर.चा अर्ज भरताना आम्ही हे वाचलं होतं. पण तेव्हा निनाद दोन वर्षांचा होता. दोन वर्षांच्या मुलाच्या अठराव्या वर्षाचा विचार कोण करतो? अमेरिकेत एम.एस. करून, तिथे थोडी नोकरी करून आम्ही इथे आलो होतो. घर, शाळा, नोकरी यात सोळा वर्षं कधी गेली कळलं नाही, आणि एक दिवस सरकारी पत्र आलं. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "अरे, आपल्या घराण्यात कोणी बंदूक धरली नाही!" आम्ही म्हटलं, "आजोबांनी धरली होती की." त्यावर ती म्हणाली, "ती डुकरांसाठी."

भरतीच्या दिवशी आम्ही तिघं फेरीनं तेकाँग बेटावर गेलो. पालकांना सोबत नेतात, मुलाची खोली दाखवतात, जेवू घालतात. जेवण चांगलं होतं. सौ. काही जेवली नाही. पोरानं शपथ घेतली, हात हलवला आणि रांगेत मिसळला. डोकी भादरायच्या आधीच आम्हाला तो ओळखू येईनासा झाला होता. परतीच्या फेरीत आजूबाजूला चिनी, मलाय, तमिळ आया बसल्या होत्या आणि सगळ्या एकाच दिशेनं पाठमोऱ्या बेटाकडे बघत होत्या. त्या दिवशी आम्हाला प्रथमच वाटलं, की आपण या गावचे झालो.

दोन-तीन आठवड्यांनी निनाद पहिल्यांदा घरी आला तो उन्हानं काळा होऊन. आईनं केलेल्या पुरणपोळ्या संपवून त्यानं पहिली बातमी दिली ती रायफल मिळाल्याची. सार २१ नावाची ही रायफल इथेच बनते. १९९९ पासून तीच इथल्या सैन्याच्या हाती आहे. वजन पावणेचार किलोच्या जरा वर, मॅगझिनमध्ये तीस गोळ्या. पण पोराला वजनाचं किंवा गोळ्यांचं विशेष कौतुक नव्हतं. त्याला कौतुक होतं नंबराचं. प्रत्येक रायफलला नंबर, आणि तो नंबर ज्याचा त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. आमच्या चिरंजीवांना स्वतःच्या आईचा फोन नंबर पाठ नव्हता. रायफलचा झाला!

"आणि बाबा, गोळीबार झाला ना, की सगळ्यांनी वाकून रिकाम्या नळ्या वेचायच्या."

"कशाला?"

"मोजायला. जेवढ्या गोळ्या दिल्या, तेवढ्याचा हिशेब. उडवलेल्या असतील तर रिकाम्या नळ्या परत, न उडवलेल्या असतील तर गोळ्या परत. मग एकेकानं उभं राहून ओरडून सांगायचं."

आणि त्यानं आमच्या बैठकीच्या खोलीत ताठ उभं राहून ते सांगून दाखवलं: माझ्याजवळ एकही जिवंत गोळी नाही, रिकामी नळी नाही, स्फोटक नाही, सर! एन.एस. केलेल्या इथल्या कुठल्याही माणसाला, मग तो टॅक्सीवाला असो की बँकेतला साहेब, हे वाक्य विचारून पाहा. नातेवाइकांची नावं विसरेल, हे विसरणार नाही.

आम्ही कारखान्यात दर्जा-तपासणीचं काम करतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांकडे कागद मागतो. हा बोल्ट कुठून आला, कुठल्या घाणीतला, कोणी तपासला, शिक्का कुठे आहे? कागद नसेल तर बोल्ट कितीही चांगला असला तरी तो आमच्या लेखी नाही. त्यामुळे पोराचं बोलणं ऐकून आम्ही मनातून खूष झालो. म्हटलं, चला, वीस वर्षं आपण घरात ओरडून जे शिकवू शकलो नाही ते सार्जंटनं तीन आठवड्यांत शिकवलं.

पण हे वाक्य आमच्या डोक्यात अडकून बसलं. काहीतरी ओळखीचं होतं त्यात. रात्री अंथरुणात पडल्यावर आठवलं. आजोबांची वही!

आमचे आजोबा कुडाळ तालुक्यात शेती करत. नाचणी, भात, थोडे काजू, थोडे नारळ. गावाच्या वर डोंगर, डोंगरात डुकरं. तयार झालेल्या शेतात एक रात्र डुकरांचा कळप घुसला की वर्षाची मेहनत गेली. म्हणून त्या भागात पिकांच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना देतात. शेती-संरक्षण परवाना म्हणतात त्याला. सिंधुदुर्गात असे परवाने पुष्कळ. बऱ्याच जणांकडे ठासणीची बंदूक असे: नळीतून दारू ओतायची, चिंधी घालायची, गजानं ठासायची, वर छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायची, मग केप लावायची. हे सगळं होईपर्यंत डुक्कर नाचणी खाऊन, पाणी पिऊन घरी गेलेलं असे. आजोबांकडे मात्र एकनळी बारा बोअरची होती. मोडायची, काडतूस सारायचं, मिटायची. काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, 'शक्तिमान' नावाची. पितळी बुडावर 'के.एफ.' ही अक्षरं. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. आम्ही पुण्याचे, त्यामुळे ती अक्षरं बघून आम्हाला उगीचच अभिमान वाटे, जणू काडतूस आमच्याच घरून आलंय.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यानंतर आजोबांचे बहुतेक बार आवाजापुरतेच असत. आवाजाला डुकरं पळत, दोन रात्री येत नसत, तिसऱ्या रात्री पुन्हा हजर.

आणि या प्रत्येक बाराची नोंद. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही. आजोबांनी स्वतः पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, आणली, उडवली, रिकामी, शिल्लक, शेरा. काडतुसं आणली की दुकानदार परवान्याच्या पुस्तकात लिहून शिक्का मारी, ते सरकारी. ही वही खासगी. तिच्यात बार किती वाजता झाला, वारा कुठला होता, कळप किती मोठा होता, सोबत कोण होतं, हे सगळं. रिकामी काडतुसं माजघरातल्या एका पत्र्याच्या पेटीत, दहा-दहांच्या पुड्या बांधून. निवडणुका आल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा ती पंच्यात गुंडाळून नेत, पावती आणत आणि त्या पावतीचा नंबरही वहीत चढवत. आम्ही एकदा विचारलं होतं, "आजोबा, एवढं कशाला लिहिता? कोण बघतंय?"

ते म्हणाले होते, "पैशाचो हिशोब चुकलो तर पैसो जाता. काडतुसाचो चुकलो तर मानूस जाता."

पुढे इंजिनियर झाल्यावर आम्हाला कळलं, की आजोबांना हे कोणत्या मॅनेजमेंटच्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ते आपल्या मातीतलं जुनंच आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल सविस्तर सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर बांधावा. दारूची मडकी तळघरात माचावर ठेवावी, सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. रात्रंदिवस पहारा, आणि परवानगीशिवाय माणूस जवळ येऊ द्यायचा नाही. यातला एक शब्द आम्हा तपासणीवाल्यांच्या काळजाला भिडतो: 'पुन्हा मोहोर'. म्हणजे उघडलं कोणी, बघितलं कोणी, बंद केलं कोणी, याला एक माणूस जबाबदार. आज आमच्या कारखान्यात सील लावतात ते याहून वेगळं काय?

सिंगापूरलाही ही अक्कल फुकट आलेली नाही. १५ फेब्रुवारी १९१५ या दिवशी, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, अलेक्झांड्रा बराकीतल्या पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं. पलटण दुसऱ्या दिवशी हाँगकाँगला निघायची होती. काडतुसांच्या पेट्या लॉरीत भरणं चालू असताना पहिली गोळी सुटली. पुढे सत्तेचाळीस शिपायांना उट्रम तुरुंगाच्या भिंतीपाशी लोकांसमोर गोळ्या घातल्या. बरोबर सत्तावीस वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४२ ला, याच शहरात इंग्रजांनी जपान्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत इथे बंदूक घेऊन दरोडे पडत, तेव्हा १९७३ साली कायदा झाला: गुन्हा करताना गोळी झाडली तर फाशी, आणि बेकायदा बंदूक नुसती जवळ सापडली तरी तुरुंग आणि फटके. खेळ म्हणून नेमबाजी करणारासुद्धा बंदूक घरी नेत नाही, ती शस्त्रागारात राहते. आपण रात्री बारा वाजता एम.आर.टी.तून उतरून निर्धास्त घरी चालत येतो ना, त्यामागे कुठेतरी अशा पुष्कळ कंटाळवाण्या वह्या आहेत.

असो. गाडी मूळ रुळावर आणतो.

या मे महिन्यात निनादला रजा मिळाली. काकांचा फोन आलाच होता, की घराचं छप्पर उतरवतोय, माळ्यावर तुमचं काही असेल तर घेऊन जा. आम्ही तिघं मोपाला उतरून कुडाळला गेलो. मोपाचा विमानतळ झाल्यापासून कोकण जवळ आलं आहे. पूर्वी मुंबईहून रात्रभर एस.टी.त हाडं मोकळी करून घ्यावी लागत.

आजोबा १९९६ साली गेले. परवाना त्यांच्या नावावरचा. काकांना बंदुकीत रस नव्हता. नियमाप्रमाणे त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली ती केलीच. उरली होती ती वही आणि परवान्याचं पुस्तक, काकूनं देवघरातल्या फडताळात पोथ्यांबरोबर ठेवलेलं. आणि माळ्यावर एक बोर्नव्हिटाचा डबा. तो आमचा.

डबा उघडला. गोट्या, एक मोडका भोवरा, टिकल्यांचं गंजलेलं पिस्तूल, आणि तळाशी एक रिकामं काडतूस. कागदी नळीचा रंग उडालेला, पण पितळ अजून पितळ होतं. 'के.एफ.' स्पष्ट वाचता येत होतं. नाकाशी नेलं. अडतीस वर्षांनी वास कुठला यायला! पण आम्हाला तो आला.

आम्ही ते रुमालानं पुसलं आणि सिंगापूरच्या बॅगेत, मोज्यांच्या आत सारलं. म्हटलं, टेबलावर ठेवू. आजोबांची आठवण.

संध्याकाळी निनाद बॅगेत चार्जर शोधत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर काडतूस होतं आणि चेहऱ्यावर आम्ही कधी न पाहिलेले भाव.

"बाबा, हे काय आहे?"

"आजोबांची आठवण."

"हे विमानातून नेणार होता?"

"रिकामं आहे रे. त्यात काही नाही."

"रिकामं म्हणजेच एम्प्टी केस. रोज मी काय ओरडून सांगतो ते ऐकलंय ना तुम्ही? चांगीवर तुम्हाला बाजूला घेतलं, तर मी काय सांगू कॅम्पमध्ये?"

वाचकहो, अठरा वर्षांच्या मुलानं बापाला असं उभं करावं आणि बापाकडे उत्तर नसावं, ही वेळ तुमच्यावर न येवो. इथेच एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. गावाकडच्या जुन्या बॅगा, जुने डबे आणताना एकदा उलटे करून झटका. विमानतळावरच्या यंत्रात काडतूस लगेच दिसतं. भारतात त्यावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तक्रार होते. आपल्याला त्याची जाणीव होती की नव्हती, हे कोर्ट पुढे सवडीनं बघतं; विमान तोवर गेलेलं असतं. सिंगापुरात तर पोलिसांच्या परवान्याशिवाय रिकामी नळी, खेळण्यातली छर्ऱ्याची बंदूकसुद्धा चालत नाही. बंदुकीच्या आकाराचा लायटरही आणायचा नाही. फटाके तर इथे १९७२ पासून बंदच आहेत, हे दर दिवाळीला मुलं रडतात तेव्हा आपण आठवतोच.

रात्री जेवणं झाल्यावर निनादनं काकूकडून ती वही मागून घेतली. त्याला मराठी वाचता येतं, पण अक्षर लावत लावत. पडवीत दिव्याखाली बसून तो मोठ्यानं वाचत होता आणि आम्ही झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत होतो. आणली दहा. उडवली दोन. रिकामी दोन. शिल्लक आठ. बेरजा तो मनातल्या मनात तपासत होता. पानामागून पान बरोबर येत होतं. मग तो थांबला.

"बाबा, इथे एक कमी आहे. मे १९८७. उडवली दोन, रिकामी एक. खाली तांबड्या शाईनं लिहिलंय, एक हिशेबात नाही."

आम्ही डोळे उघडले नाहीत.

"पुढे शेरा आहे. बाबल्याकडे चौकशी केली. नाही म्हणतो." त्यानं पान उलटलं. "आणि आठ दिवसांनी: बाबल्या येत नाही. हा बाबल्या कोण?"

बाबल्या आजोबांचा गडी. रात्री शेताच्या माळ्यावर त्यांच्यासोबत बसायचा. बॅटरी तो धरायचा, रिकामी काडतुसं अंधारात चाचपून तोच गोळा करायचा. त्या रात्री त्यानं दोन्ही आणून पडवीच्या कठड्यावर ठेवली होती. पहाटे आम्ही उठलो. नऊ वर्षांचे होतो. काडतूस अजून दारूचा वास देत होतं. एक उचललं, चड्डीच्या खिशात घातलं, आणि दिवसभर बोटात अडकवून फिरलो. आजोबा शोधू लागले तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या अंगणाचा केर चाळला तेव्हाही सांगता आलं असतं. बाबल्याला त्यांनी बोलावून विचारलं, तेव्हा आम्ही दाराआड उभे होतो. आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू दोन ठेवलंस की एक?" तो म्हणाला, "दोन." आजोबा म्हणाले, "वहीत एकच असा."

आठवड्यानं त्यानं येणं सोडलं. जूनमध्ये आम्ही पुण्याला परत गेलो, शाळा सुरू झाली. पुढच्या सुट्टीत कोणी विषय काढला नाही. आम्ही तर नाहीच.

हे सगळं आम्ही त्या रात्री झोपाळ्यावर बसून सांगितलं. सौ. ऐकत होती, काका ऐकत होते. निनाद काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तो आहे का अजून?"

काका म्हणाले, "बाबल्या जाऊन बारा वर्षं झाली. त्याचा मुलगा कुडाळ स्टेशनवर रिक्षा चालवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही वही पिशवीत घालून गेलो. जायची हिंमत आमची नव्हती, पोरानं नेलं असं म्हटलं तरी चालेल. रिक्षावाला पन्नाशीचा, पांढरे कल्ले. त्याच्या घरी चहा झाला. कसं सुरू करावं कळेना. बाहेरच्या देशात आम्ही कितीतरी तपासण्यांमध्ये कंपनीच्या चुका टेबलावर मांडल्या आहेत, घसा कधी कोरडा पडला नाही. शेवटी वही उघडली, ते पान त्याच्यापुढे ठेवलं, काडतूस त्या पानावर ठेवलं आणि सांगितलं.

तो बराच वेळ तांबड्या शाईकडे बघत बसला. मग म्हणाला, "आमचो बापूस शेवटपर्यंत सांगी, मी घेवक नाय म्हणान. आमकां वाटायचा, म्हातारो उगीच तेच तेच सांगता."

आम्ही माफी मागितली. त्यानं त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. म्हणाला, "तर मगे ता वहीत लिवा."

पेन निनादनं दिलं. शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी होती. आम्ही लिहिलं: "हे काडतूस नातवाने घेतले होते. बाबल्याचा दोष नाही." खाली तारीख, खाली सही. आमच्या आयुष्यात सह्या पुष्कळ झाल्या. रिपोर्टांवर, करारांवर, घराच्या कागदांवर. इतकी वाकडी सही कधी झाली नव्हती. रिक्षावाल्यानं मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला. अक्षर नीट आलं की नाही ते मोठं करून बघितलं. एक पुन्हा घेतला. मग आम्हाला काकांच्या घरापर्यंत सोडलं आणि भाडं मात्र मोजून घेतलं. आम्हाला ते बरं वाटलं.

उरलं काडतूस. निनादचं म्हणणं, ज्याचं त्याला परत. आम्ही साधा अर्ज लिहून पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला, काडतूस फिरवून बघितलं, आणि म्हणाले, "साहेब, अडतीस वर्षांनी? नदीत टाकलं असतं तरी चाललं असतं." आमचे चिरंजीव म्हणाले, "पोच मिळेल का?" हवालदार हसले. पण त्यांनी अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून दिला. ती प्रत आता वहीच्या त्या पानात टाचली आहे, आजोबांच्या जमा-पावत्यांच्या शेजारी.

परत येताना बॅग आम्ही दोनदा झटकली. चांगीला हिरव्या मार्गिकेतून बाहेर पडलो. ढकलगाडी निनादच्या हातात होती. आम्ही हळूच म्हटलं, "माझ्याजवळ एकही जिवंत गोळी नाही, रिकामी नळी नाही..." तो वळून बघायला लागला. शेवटचा शब्द मात्र आम्हाला म्हणता आला नाही, कारण 'सर' कोणाला म्हणायचं, पोराला की आजोबांना, हे ठरेना.

वही काकूनं आम्हाला दिली. ती सध्या आमच्या देवघरात आहे. येत्या दसऱ्याला विळी, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली यांच्या शेजारी तीही बसेल. सौ. म्हणते, वहीची पूजा पाडव्याला करतात, खंडेनवमीला नाही. आम्ही म्हटलं, ही वही दोन्हीकडे चालेल.